संप फसला, कशावरून?

तुम्ही न वाचता शून्य दिलंत.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की फाईल मिटायची ते तुम्हाला ठरवता येईल. इतिहासाच्या पेपरात एका मुलीने दोन पानं भरून उत्तर लिहिलं. त्या दोन पानांवरून तुमच्या परीक्षकाची लाल रेघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली आहे. सरळ. वाचणाऱ्याची रेघ कुठेतरी अडखळते, मध्येच टिंब पडतं, प्रश्नचिन्ह पडतं, निदान शाईचा डाग तरी. ही रेघ रिकामा रस्ता ओलांडावा तशी गेली. खाली लिहिलंय, 'प्रश्नास धरून नाही'. आणि शेजारी गोल गरगरीत शून्य.

मी त्या मुलीची इतिहासाची बाई. खरं म्हणजे पी.टी.ची. तुमचं शिक्षण खातं आमच्या शाळेला इतिहासाचा शिक्षक पाठवणार होतं. पाठवतो, पाठवतो म्हणत राहिलात. शेवटी हेडसरांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "दुपारच्या उन्हात पोरं काही पळत नाहीत. तुमचे तास रिकामेच जातात. नववी-दहावीचा इतिहास घ्या."

"सर, मला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचंय कशाला? पुस्तक आहे ना. वाचून दाखवा, पोरं खाली रेघा मारतील."

मी तशीच वर्गावर गेले. गळ्यातली शिट्टी काढायची राहून गेली. पोरं हसली, आणि त्या दिवसापासून मी मैदानावर आणि वर्गात, दोन्हीकडे शिट्टीबाई.

पहिल्याच आठवड्यात मी एक प्रश्न लिहायला दिला. आपल्या परिसराच्या इतिहासाच्या धड्यात आहे तो: 'काडेपेटी कारखान्यातील संप का फसला?' साठेक वर्षांपूर्वीचा संप. कारखाना आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आता नुसतं गोदाम. सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं, स्वल्पविरामासकट. नेतृत्वाचा अभाव, आर्थिक अडचण, कामगारांतील फूट, जनतेचा अपुरा पाठिंबा. मी पहिल्या बाकावरच्या एकाला उठवलं.

"आर्थिक अडचण म्हणजे काय रे?"

"अडचण होती, बाई."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"कसली?"

"आर्थिक."

मी शिट्टी मारली. ठरवून नाही, हात आपोआप गेला. मैदानावर कुणी रेघेबाहेर पाय टाकला की जातो तसा. "फाऊल," मी म्हटलं. "खाली बस."

मग मी घरी पुस्तकं आणून वाचायला लागले. मला शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मी धड्यांकडे बघण्याऐवजी लिहिणाऱ्यांकडे बघत बसले, की ही माणसं नेमकं करतात काय. हळूहळू दिसलं. इतिहास लिहिणारा माणूस आधी एक वाक्य ठोकतो, आणि मग पुस्तकभर ते वाक्य पडू नये म्हणून जिवाचं रान करतो. जिकडून कोणी धक्का मारेल तिकडून टेकू लावतो. बाकी सगळं त्या एका वाक्यासाठी. आमच्या पोरांकडे टेकूच टेकू होते, चार-चार, आणि वर काहीच नव्हतं.

वर्गात एक मुलगा होता. त्याला सगळे वकील म्हणत, कारण तो 'आज शनिवार आहे' यालाही हरकत घ्यायचा. मी त्या वाक्याबद्दल सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे छातीठोक वाक्य म्हणा की, बाई." नाव चिकटलं.

छातीठोक वाक्य कसं असतं ते आम्ही मिळून शोधलं, चुकत चुकत. एक मुलगी उठून म्हणाली, "संप ही इतिहासातली एक महत्त्वाची घटना होती." शिट्टी. का? तर यावर भांडायला कुणी येणारच नाही. ज्याच्याशी कुणाचं भांडण होऊ शकत नाही ते वाक्य घेऊन दोन पानं कशाला लिहायची? दुसरा म्हणाला, "कामगारांवर जगात सगळीकडे नेहमीच अन्याय झाला आहे." शिट्टी. एवढं मोठं वाक्य उचलणार कोण, तुझे काका? आपल्याला पेलेल तेवढंच उचल. तिसरा म्हणाला, "शाळेचं मैदान लहान आहे." हा विनोद म्हणून. मी म्हटलं, थांब, हे बरं आहे. आत्ता ही नुसती माहिती झाली, टेप लावून मोजता येईल. याचं वाक्य कर.

तो डोकं खाजवत बसला. वकील उठला. "शाळेचं मैदान लहान झालं, कारण शाळेला पोरांपेक्षा हेडसरांची गाडी प्यारी आहे."

वर्ग टाळ्या पिटायला लागला, आणि नेमके तेव्हाच हेडसर दारावरून चालले होते. ते थांबले. आत आले. मला वाटलं, गेली आपली नोकरी.

हेडसर वकिलाला म्हणाले, "कशावरून?"

"सर, रिलेची रेघ तुमच्या गाडीखालून जाते. आम्ही वळसा घालून पळतो."

हेडसर निघून गेले. पुढच्या सोमवारी गाडी रस्त्यावर उभी होती. आणि आमच्या वर्गाला एक शब्द मिळाला. त्यानंतर कुणीही उठून वाक्य म्हटलं की सगळ्या वर्गाने एका सुरात ओरडायचं: कशावरून? ज्याला उत्तर आलं तो उभा राहील, नाही आलं तर वाक्य बदलून उद्या ये.

हे खूळ घरोघर गेलं. आया शाळेत तक्रार घेऊन आल्या. "बाई, याला म्हटलं, अंघोळीचं पाणी निवलंय, तर म्हणतो कशावरून. सांगा काय करू?" मी म्हटलं, बादलीत हात घालायला लावा.

आता ज्या मुलीला तुम्ही शून्य दिलंत तिच्याबद्दल.

तिला वर्गात कदाचितकाकू म्हणत. वय पंधरा, पण काकू, कारण बोलणं पोक्त आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'कदाचित'ने. पुढे नुसती काकूच झाली. आई कपडे दुरुस्त करून देते. बाजारामागच्या गल्लीत एक अरुंद दुकान, दारात मशीन, आत टांगलेले लोकांचे कोट. काकू शाळेतून आली की मशीनशेजारच्या स्टुलावर अभ्यास करायची, आणि गिऱ्हाईक आलं की वही मांडीवर पालथी घालून बटणं शोधायची. लाजाळू म्हणून ती 'कदाचित' म्हणत नव्हती. चुकलं तर काय, या धास्तीने म्हणायची. ज्या घरात दुसऱ्याचं कापड एकदा चुकीचं कापलं तर भरून द्यावं लागतं, तिथे ही धास्ती पाळण्यातच मिळते.

एक दिवस मी वर्गाला धावायला नेते म्हणून सांगितलं आणि कारखान्यापर्यंत पळवत नेलं. गोदामाच्या रखवालदाराला मी आधी भेटून ठेवलं होतं. पोरं धापा टाकत शेडभोवती फिरली. काडेपेटी कारखाना म्हणून त्यांना आत काही भारी दिसेल असं वाटलं होतं, दिसली पोत्यांची थप्पी. वैतागली. काकू मात्र एका दाराशी उभी राहिली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"बाई, आतून कडीच नाही."

"मग?"

"बाहेरून कोयंडा आहे. म्हणजे होता. सगळ्या दारांना. कापून टाकलेत."

खरंच होतं. प्रत्येक दारावर बाहेरून लोखंडाचे दोन खुंट राहिलेले, करवतीने कापल्यासारखे सपाट. आम्ही सगळे बघत राहिलो. ती हळूच म्हणाली, "आत माणसं कामाला असताना बाहेरून कुलूप? काडेपेट्यांच्या कारखान्यात?"

कुणी 'कशावरून' म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

त्यानंतर ती वाचनालयात जाऊन बसायला लागली. तिथे संपाचं पत्रक भिंतीवर काचेत लावलेलं आहे, येणारेजाणारे त्याच्याखाली छत्र्या उभ्या करतात. मागण्यांमध्ये सगळ्यात वर पगारवाढ, मोठ्या अक्षरात. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: कामाच्या वेळी शेडची दारे बाहेरून बंद करू नयेत. शेजारी संपाचा फोटो. पुढे भाषण करणारे पुरुष उभे आहेत. मागे जमिनीवर बसलेल्या सगळ्या बायका. काड्या भरायच्या शेडमध्ये बायकाच कामाला होत्या, हे त्याच धड्यात दुसऱ्या पानावर आहे. तुमच्याच धड्यात.

दुसऱ्या दिवशी काकू उठली आणि म्हणाली, "कदाचित संप पूर्णपणे फसला नसावा, असं काही प्रमाणात म्हणता येईल."

मी शिट्टी तोंडात धरली, पण मारली नाही. वकील म्हणाला, "काकू, हे वाक्य आहे की दवाखान्यातली रांग? कोण पुढे, कोण मागे, काही पत्ताच नाही."

"तू गप रे."

"नाही, सांग ना. फसला की नाही फसला?"

तिचे कान लाल झाले. "नाही फसला. कुलपं निघाली. पगार नाही वाढला, पण कुलपं निघाली."

वर्गाने विचारलं, "कशावरून?"

"कोयंडे कापलेत. तुम्ही बघितलेत."

इथे बाकीचे समाधानी झाले. वकील झाला नाही. "कोयंडे कापले हे खरं. पण संपामुळे कापले कशावरून? संपानंतर कापले म्हणजे संपामुळे कापले का? मी शिंकल्यावर घंटा झाली, म्हणून काय माझ्या शिंकेने शाळा सुटते?"

वर्ग खो खो हसला. काकू खाली बसली. मी तिला वाचवू शकले असते, पण वाचवलं नाही, कारण वकिलाचं बरोबर होतं. आणि खरं सांगते, याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. मी तेच वर्गाला सांगितलं. "मला माहीत नाही. शोधा."

काकूच्या वह्यांत 'कदाचित' परत आलं. मला वाटलं, संपलं हिचं. आणि मग एका दुपारी वकीलच तिच्या बाकाशी गेला. हरकत घेणारी पोरं अशीच असतात, दुसऱ्याचं वाक्य पडलं की त्यांनाच झोप लागत नाही. तो म्हणाला, "नदीपलीकडे बाटल्यांचा कारखाना होता ना, काचेचा. तिथे संप झालाच नव्हता. माझी आत्याआजी होती तिथे कामाला. तिथेही बाहेरून कुलूप असायचं म्हणते. तिला विचारू या? तिथली कुलपंही त्याच सुमारास निघाली असतील, तर तुझा संप गेला कामातून. राहिली असतील, तर तू जिंकलीस."

मी इतिहासाची पुस्तकं वाचून जे शिकले नव्हते ते हा मुलगा एका दमात बोलून गेला. दोन सारखे कारखाने, एकात संप, एकात नाही. काय फरक पडला ते बघा.

आत्याआजी शाळेत आली. काठी, कानात यंत्र, आणि जीभ धारदार. खुर्ची दिली तर म्हणाली, "मी काय आजारी आहे?" उभ्यानेच बोलली. "कुलपं होती तर! मी सोडलं तेव्हाही होती. पलीकडे काडेपेटीवाल्या बायका दुपारी बाहेर झाडाखाली बसून जेवायच्या, आणि आम्ही आत. आम्ही म्हणायचो, त्यांनी भांडून घेतलं बाई. आपल्याला कुठली हिंमत."

मागून एक जण सवयीने बोलून गेला, "कशावरून?"

आत्याआजीने यंत्र नीट बसवलं आणि त्याच्याकडे वळली. "तू तुझ्या आईचाच कशावरून रे?"

वर्ग छप्पर उडेल असा हसला. पण काकू हसली नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, राग मानू नका. तुम्ही सोडलं ते संपाच्या आधी की नंतर?"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. "नंतर, पोरी. बऱ्याच नंतर. माझा थोरला शाळेत जायला लागला तेव्हा. आणि संपाच्या वेळी तो पोटातही नव्हता."

काकूने मान हलवली आणि लिहून घेतलं. त्या आठवड्यात तिने जे वाक्य लिहिलं ते मी इथे उतरवते, कारण तुमच्या लाल रेघेखाली ते नीट वाचता येत नाही:

'काडेपेटी कारखान्याचा संप पगाराच्या मागणीवर हरला, पण बायकांनी मागितलेली उघडी दारे त्याने मिळवून दिली. म्हणून त्याला फसलेला म्हणणे म्हणजे भाषण करणाऱ्यांच्या मागणीने तो मोजणे आणि खाली बसलेल्यांची मागणी सोडून देणे होय.'

वर्गाने 'कशावरून' विचारलं आणि ती उत्तरं देत गेली. कोयंडे, पत्रक, फोटो, पलीकडचा कारखाना. तास संपल्याची घंटा झाली तरी ती उभीच होती. वकील म्हणाला, "हरकत नाही." त्याच्या तोंडून हे दोन शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाही.

मग तुमचा पेपर आला. नशीब बघा, तोच प्रश्न. परीक्षेनंतर काकू मैदानावर मला शोधत आली, बोटांना शाई. "बाई, लिहिलं."

"काय?"

"आपलं वाक्य. एकदाच 'कदाचित' घातलं. जिथे खरंच माहीत नव्हतं तिथे."

निकाल लागला. त्या एका शून्याने तिची यादीतली जागा गेली. शेजारच्या शहरातलं कॉलेज, तिथे राहायची सोय, इतिहासाचा मोठा विभाग. पहिल्या यादीत नाव नाही, प्रतीक्षेत आहे, आणि फेरतपासणीचा निकाल शेवटच्या यादीच्या आत लागला तरच वर सरकेल. नाही तर काकू दुकानात, स्टुलावर, कायमची. तिला शिवणाची आवड असती तर मी काही बोलले नसते. तिला नाही.

तिची आई माझ्याकडे आली नाही, मीच दुकानात गेले. तिने मशीन थांबवलं नाही. पायाने चालवत, खाली बघत म्हणाली, "बाई, तुम्ही तिला वाक्य शिकवलंत. मार्क शिकवायचे होते."

मीच हिला बुडवलं की काय, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. चार कारणं पाठ करून घेतली असती तर? वकिलाने तेच केलं होतं. परीक्षेत शहाणपणाने चार कारणं उतरवली, पैकीच्या पैकी मिळवले, आणि गुणपत्रिका घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाई, शिट्टी मारा," म्हणाला. "फाऊल माझा आहे." डोळे भरले होते पोराचे. मी मारली नाही. पोराने तुमचा नियम पाळला, फाऊल त्याचा कसा?

तेवढ्यात दुकानाच्या आतून काकू म्हणाली, "आई, शून्य मिळालं म्हणजे चुकलं, कशावरून?"

मशीन थांबलं. "आली परत कशावरूनवाली!" आई म्हणाली. मग तिने हातातला कोट उलटा केला, अस्तर बघितलं, परत सुलटा केला. "बाई, गिऱ्हाईक येतं, म्हणतं शिवण बिघडलीय. मी म्हणते, दाखवा कुठे. बोट ठेवा. बोट ठेवलं तर मी उसवून परत शिवते, तोंडातून शब्द काढत नाही. पण नुसतंच बिघडलंय म्हणून कोट अंगावर फेकून गेलं, तर मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत सोडत नाही." तिने फेरतपासणीच्या अर्जासाठी हात पुढे केला. "कुठे सही करायची ते सांगा."

म्हणून आम्ही तिघी तुमच्या कार्यालयात आलो. लांब व्हरांडा, भिंतीला टेकलेली कपाटं, एका खोलीबाहेर बाक. आत तुमचे साहेब, जाड चष्मा, समोर जेवणाचा डबा उघडायच्या बेतात. वाईट माणूस नाही, हे मी लिहून देते. त्यांनी नमुना उत्तर काढलं आणि म्हणाले, "हे बघा, चार मुद्दे अपेक्षित. उत्तरात एकही नाही. परीक्षकांचा दोष नाही."

काकू म्हणाली, "सर, तुम्ही वाचलंत?"

"परीक्षकांनी वाचलंय, बाळ."

"तुम्ही, सर?"

आईने तिचा हात दाबला. साहेबांनी आमच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, डबा बाजूला सारला आणि उत्तरपत्रिका ओढून घेतली. ते वाचायला लागले. पहिल्या पानावर बोट भराभर सरकत होतं. दुसऱ्या पानावर ते मंदावलं. मग थांबलं. मग मागे गेलं.

"हा पलीकडचा कारखाना," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "तिथे कुलपं राहिली कारण संप झाला नाही, असं तू म्हणतेस. पण मालक वेगळा होता ना? एक मालक भला, दुसरा आडमुठा, असंही असेल. मग संपाचं काय राहिलं?"

तुमच्या अख्ख्या कारभारातला हा पहिला प्रश्न, जो विचारणाऱ्याला उत्तर हवं होतं.

काकू म्हणाली, "कदाचित, सर. मालकांबद्दल मला काही सापडलं नाही. ते मी लिहिलंय. शेवटून दुसरी ओळ."

साहेबांनी पान उलटलं. ओळ शोधली. वाचली. "हो," ते म्हणाले, "लिहिलंयस." चष्मा काढून पुसला. "आणि तो भला होता तर त्याने आधी कुलपं घातलीच कशाला, असंही म्हणता येईल, नाही का?"

"ते माझ्या लक्षात नव्हतं आलं, सर," काकू म्हणाली आणि हसली. त्या खोलीत बसून ती हसली! दोघं आणखी बोलत राहिले. साहेबांनी तिला विचारलं, पत्रकात मागणी खाली होती म्हणून कमी महत्त्वाची कशावरून. साहेबांनी विचारलं हे, बरं का, 'कशावरून' म्हणून. मी आणि आई बघत राहिलो. डबा थंड झाला.

मग दारात शिपाई आला, साहेबांना आपली खुर्ची आठवली. त्यांनी पानं जुळवली, टाचणी लावली. "चांगलं भांडलीस," ते म्हणाले. आणि पुढच्या श्वासात, "निर्णय लेखी कळवण्यात येईल."

तुमचं पत्र आलं. 'अर्ज विचाराधीन आहे.' एवढंच. हे वाक्य मी नववीच्या पोरांसमोर ठेवलं, नवीन तुकडी आहे. त्यांनी शिट्टीची वाटही बघितली नाही, स्वतःच ओरडली: फाऊल! कोण विचार करतंय? कशाचा? कधीपर्यंत?

ही नवीन तुकडी काकूच घेते आठवड्यातून एकदा. दुकानातून येते, मैदानाच्या कडेला, हेडसरांची गाडी उभी राहायची त्या जागी पोरांना बसवते आणि वाक्यं ऐकते. परवा एक बारकी मुलगी उठून म्हणाली, "कदाचित..." आणि थांबली. काकू म्हणाली, "म्हण की. खरंच माहीत नसेल तर म्हण. घाबरून म्हणू नकोस." मी शिट्टी काकूच्या गळ्यात घातली आहे. तिला ती मारावी लागत नाही. पोरं एकमेकांना पकडतात.

तुमच्या साहेबांना वाचता येतं, हे मी बघितलं. भांडता येतं, तेही बघितलं. म्हणून तर हे लिहिते आहे, नाही तर दगडाशी कोण बोलत बसतं? तेव्हा आता ऐका. कॉलेजची शेवटची यादी लागायच्या आत तिच्या दोन पानांवर बोट ठेवा. कुठे उसवलंय ते दाखवा. कोयंड्यांबद्दल चुकली, पत्रकाबद्दल चुकली, पलीकडच्या कारखान्याबद्दल चुकली, काय ते नेमकं सांगा. ती उसवून परत शिवेल आणि तोंडातून शब्द काढणार नाही. आणि बोट ठेवायला जागा सापडत नसेल, तर ती लाल रेघ खोडा.

शून्य हेसुद्धा एक वाक्यच आहे. तुम्ही ते ठोकलंय. आम्ही सगळे उभे आहोत, वकील, त्याची आत्याआजी, काकूची आई, नववीची अख्खी तुकडी आणि मी, आणि एका सुरात विचारतो आहोत.

शून्य कशावरून?